फीफीला तीन हाका

अक्रा, ९ नोव्हेंबर २०२३

ती. थोरल्या बाबांस,

एकुआचा दोन्ही गुडघे टेकून नमस्कार. इकडे सगळे ठीक, म्हणजे मी एकटीच आहे, पण ठीक. वि. वि.

पत्राला दोन महिने उशीर झाला. कारणं सांगायला घेतली तर कागद तिथेच संपेल. ताकोराडीहून निघाले ती तुमच्याकडे अपामलाच यायला निघाले होते, शपथेवर सांगते. वाटेत ट्रोट्रोच्या मिनीबसमध्ये एक कापडवाली भेटली. तिची नऊ गाठोडी होती आणि कंबर धरली होती. म्हणाली, पोरी, स्वेड्रूपर्यंत हात लाव. लावला. आणि स्वेड्रूत कोण भेटावं, तर ओफोसु. मयतांचे व्हिडिओ काढतो तो, एका डोळ्यानं कायम कॅमेऱ्यात बघितल्यासारखा बघणारा. तुमच्या नाटकमंडळीचा शेवटचा खेळ त्यानंच टिपला होता, मी पाच वर्षांची असताना. मी सहज विचारलं की ती कॅसेट आहे का हो. त्यानं खाटेखालून खोकं ओढलं. अडीचशे मयतं आणि त्यात एक नाटक.

ते बघून मी अपामचा रस्ता विसरूनच गेले. कॅसेट घेऊन तडक अक्रा गाठलं. इथे डोडूबाई म्हणून आहेत. जगात कुठेकुठे जुनी मोठी नाटकं होतात त्यांचे व्हिडिओ त्या आणि त्यांचे लोक गोळा करतात आणि इंटरनेटवर मांडून ठेवतात, कुणीही बघावेत म्हणून. तुमचं ते ग्रीकांचं नाटक आहे ना, लढाई हरलेल्या गावची म्हातारी राणी, शेवटी उंबऱ्यावर पडून मरते ती? ते तिथे अकरा देशांतलं आहे. एक राणी खऱ्या बर्फात उभी राहते, पायात काही नाही, मला तर बघूनच शिंक आली. एकीच्या तोंडाला लाकडाचा मुखवटा. एक राणी तासभर तोंडातून शब्द काढत नाही, नुसती धान्य निवडते.

आता बारावी राणी आपली. मासळीबाजाराची मुकादमीण, अंगावर दोन जाड कापडं, डोक्याला हे एवढं फडकं, आणि मरणाच्या दारात उभी राहून सुक्या माशांच्या टोपलीवरून भांडते. डोडूबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून. म्हणाल्या, बाकीच्या अकरा नुसत्या रडतात, ही हिशेब मागते. मी सांगितलं, हे माझे बाबा. त्यांनी पुन्हा पडद्याकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. बाबा बाई म्हणून माझ्यापेक्षा बरे दिसायचे हे मान्य करायला हवं.

त्यांच्याकडे नियम आहे, नाटक तेवढंच ठेवायचं, पुढेमागे काही नको. त्यांना आपली फांते भाषा जुजबीच समजते, म्हणून नाटक संपतं कुठे ते मलाच विचारलं. राणी पडते, दिवे मंदावतात, तिथे, असं मी सांगितलं. पुढे नुसता गोंधळ होता, ढोल, लोकांचं ओरडणं, कुणाचं तरी मूल रडत होतं. ते कापलं. कागदावर सही केली आणि कॅसेट ओफोसुला परत पाठवली.

शेजारच्या मान्साला सांगा, तिच्या फोनवर लावून बाबांना दाखव. पक्षाघातापासून ते भिंतच बघत बसतात असं तुम्ही लिहिलं होतं. भिंतीपेक्षा हे बरं. बर्फातले लोकसुद्धा आता त्यांना बघतात, हेही सांगा.

मला कुमासीकडे जाणारा एक टमाट्याचा ट्रक मिळतोय. तिकडून आले की पुढच्या आठवड्यात अपामला येतेच. पत्र इथल्या ट्रोट्रो तळावर मक्याचे, पानात बांधलेले केन्केचे गोळे विकणाऱ्या मावशींपाशी ठेवायला ओटू ड्रायव्हरला सांगा.

मायेचा हात डोक्यावर असू द्यावा, जरी ते डोकं कधी जागेवर सापडत नसलं तरी.

तुमची
एकुआ


अपाम, २० नोव्हेंबर २०२३

चि. एकुआस,

जिथे असशील तिथे क्वामेनाचे आशीर्वाद पोचोत. वि. वि.

पत्र ओटूनं हातात दिलं. तू फोन का करत नाहीस असं शेजारची मान्सा विचारते. तिला वाटतं प्रयत्न केला तर मला ऐकू येईल. चाळीस वर्षं ट्रम्पेटच्या तोंडाशी कान ठेवल्यावर काय ऐकू येणार. फोनवर तू ओरडतेस आणि मी मान हलवतो, त्यापेक्षा कागद बरा. कागद पुन्हा वाचता येतो.

मान्सानं गुरुवारी दुपारी अंगणात फोन उभा केला. फीफीला उशीला टेकवून बसवलं. पहिला तासभर तो इतका खुशीत होता की मी तुला मनातल्या मनात दोनदा शाबासकी दिली. उजव्या अर्ध्या तोंडानं हसत होता. एका जागी पेटीवाला चुकला तर बोट उचलून मला दाखवलं. तो पेटीवाला मरूनही आता नऊ वर्षं झाली.

मग राणी पडली. आणि फोननं आपणहून तुझी ती बर्फातली बाई सुरू केली.

फीफी थांबला. त्यानं बोटानं मान्साला नाटक मागे न्यायला सांगितलं. पुन्हा राणी पडली, पुन्हा बर्फ. तिसऱ्यांदाही तेच. त्यानंतर त्यानं काहीतरी म्हटलं. आता तो बोलतो म्हणजे तांदळातले खडे वेचल्यासारखं, एकेक. मला दिसलं, ऐकू आलं नाही, तेव्हा मान्सानं तिच्या वहीत लिहून दिलं. तो म्हणाला, मी तिथेच पडलोय.

आज पाचवा दिवस. वाटी पुढे केली की हातानं सारतो. घोटभर पाणी घेतो, ते पण मी डोळे वटारले तर.

तुला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुला बोल लावत नाही. त्या खेळानंतर महिन्याभरात मंडळी मोडली आणि तुझी आई तुला घेऊन ताकोराडीला गेली. आमच्या मंडळीची रीत अशी होती. खेळात जो मेला त्याला मेलेला ठेवून कुणी घरी जायचं नाही. नाटक संपलं की त्याला त्याच्या खऱ्या नावानं तीन हाका मारायच्या. हाक मारणारा नट नको, ढोलवाला नको, कारण आम्ही सगळे त्या खेळातच अडकलेले. त्याच्या ताटात जेवणारं, त्याच्या घरातलं माणूस पाहिजे. दोन हाकांना तो गप्प राहायचा. तिसरीला उठून बसायचा आणि जेवणाची तक्रार करायचा. माझं माशाचं डोकं कुणी खाल्लं, केन्के गार का झाला, असलं काहीतरी. मेलेल्याला भूक लागत नाही. भुकेची भाषा ऐकली की लोक टाळ्या वाजवून उठायचे, मगच आम्ही दिवे काढायचो. राणीचे सदुसष्ट खेळ केले आणि फीफीला सदुसष्ट वेळा उठवला. पुढचा गोंधळ म्हणून तू जो कापलास तो हा.

मान्सा म्हणते, आजवर चार हजार लोकांनी ते पाहिलं. म्हणजे चार हजार वेळा माझा धाकटा भाऊ उंबऱ्यावर पडला आणि सगळे त्याला तिथे सोडून बर्फ बघायला गेले. त्याचं चुकलेलं नाही. त्याला कुणी उठवलं नाही म्हणून त्याला भूक नाही.

तो शेवटचा तुकडा परत जोडून घे. टमाट्याचा ट्रक सोड.

तुझा पुढचा आठवडा मी गेली तीन वर्षं ओळखतो, तरी वाट पाहणारा

थोरला बाबा


अक्रा, २७ नोव्हेंबर २०२३

ती. थोरल्या बाबांस,

एकुआचा नमस्कार, आज कपाळ जमिनीला लावून. वि. वि.

तुमचं पत्र केन्केवाल्या मावशींनी तिखटाच्या बरणीखाली ठेवलं होतं, त्यामुळे डाव्या कोपऱ्याला अजून झणझणीत वास आहे. कुमासीला दहा दिवस गेले. ट्रक दोनदा पंक्चर झाला, मग मालकानं त्यात शेळ्या भरल्या, त्यातली एक माझी वहाण खाऊन बसली, पण ते जाऊ दे. पत्र वाचून मी तळावरच बाकावर बसले. मावशींनी विचारलं की कोण गेलं. मी म्हटलं, गेलं नाही कुणी, मीच पाडून ठेवलंय एकाला.

आता खरं सांगते, तुमच्यापाशी खोटं लिहिता येत नाही, तुम्ही अक्षरावरून ओळखता. शेवटचा तुकडा मी बघितलाच नव्हता. त्या दिवशी उपाशी होते, सकाळपासून त्या खुर्चीवर, अर्ध्या नाटकात डुलकी लागली होती. राणी पडली तेव्हा जाग आली. आवाज ऐकले आणि म्हटलं, बास इथे. आपल्या बापाचं नाटक आणि लेक पेंगत होती. हे बाबांना सांगू नका. किंवा सांगा. चिडून तरी जेवतील.

डोडूबाईंकडे लगेच गेले. त्यांनी तुमचं पत्र माझ्याकडून वाचून घेतलं, मी शब्दाशब्दाला त्यांच्यासाठी अर्थ सांगत होते. बाई भल्या आहेत. म्हणाल्या, नियम गेला खड्ड्यात, तुकडा आण, आजच्या आज जोडते. पण त्यांच्या यंत्रावर राणी पडेपर्यंतचं तेवढंच उरलंय, बाकी पुसलं. जे आहे ते ओफोसुच्या कॅसेटवर.

मी विचारलं की तोपर्यंत काढून टाकता का ते. म्हणाल्या, काढते, एक बटण दाबायचं. पण दाबलं नाही. काढलं तर तो पडलेलाच राहील ना, म्हणाल्या, फक्त कुणाला दिसणार नाही. तुम्ही सांगा. मी त्यांना थांबायला सांगितलंय.

तिथे बसले होते तर बाकीच्या अकरा राण्यांचे शेवट लावून बघितले. नुसते शेवट. सगळ्याच पडलेल्या. बर्फवालीच्या पापणीवर बर्फ साठतो आणि ती हलत नाही. मुखवटावालीचा मुखवटा बाजूला घरंगळतो. धान्य निवडणारी सुपावर डोकं ठेवते. त्यांना कुणी उठवलं की नाही कोण जाणे. त्यांच्याकडे नसेलही रीत. तरी मला सगळ्यांचीच काळजी लागून राहिली. घरी जाऊन जेवल्या असतील ना त्या?

उद्या स्वेड्रूला जाते. या वेळी कुणाची गाठोडी उचलणार नाही.

राग धरला तरी चालेल, पण नातं धरून ठेवा.

तुमची
एकुआ


अपाम, ३ डिसेंबर २०२३

चि. एकुआस,

आशीर्वाद. वि. वि.

उत्तरेची धूळ लवकर आली यंदा. खाट, भांडी, माझ्या भुवया, सगळं एका रंगाचं. फीफीच्या ओठांना मी सकाळ-संध्याकाळ खोबरेल लावतो. मक्याची पातळ पेज दोन चमचे जाते. तीही तो मला वाईट वाटू नये म्हणून घेतो, हे मला कळतं. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. त्यांनी मान्साच्या वहीत लिहिलं की अंगात नवीन काही बिघडलेलं नाही, त्यांना खायला लावा. मी खाली लिहिलं, तुम्ही लावून बघा. त्यांनी चमचा घेऊन पाऊण तास लावून बघितलं. जाताना मला म्हणाल्या असाव्यात की तुमचा भाऊ हट्टी आहे. ओठ तसेच हलले.

व्हिडिओ काढू नकोस. बाईंचं खरं आहे.

मी एक मूर्खपणा केला तो सांगून टाकतो. परवा मीच हाक मारली. रीत मोडली. दारात उभा राहिलो आणि फीफी एगान म्हणून ओरडलो. माझा आवाज किती मोठा झाला ते मला कळत नाही, पण रस्त्यावरच्या कोंबड्या उडाल्या. त्यानं डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं, खेळात चुकीच्या वेळी रंगमंचावर आलेल्या नटाकडे बघतात तसं. लहानपणापासून तो माझ्याकडे असाच बघत आलाय. मी मुकाट्यानं आत गेलो.

मी थकलोय एकुआ. त्याला कुशीवर वळवताना माझाच पाय लटपटतो. दोन म्हाताऱ्यांतला एक बहिरा आणि एक पडलेला, असं हे घर चाललंय. मंगळवारी होड्या समुद्रात जात नाहीत तेव्हा मासेमारीवाले येऊन बसतात, तेवढीच वर्दळ. तेही आता त्याच्याकडे न बघता जाळी विणत बसतात.

तुकडा मिळाला की ओटूबरोबर निरोप दे.

थोरला बाबा


स्वेड्रू, ९ डिसेंबर २०२३

ती. थोरल्या बाबांस,

नमस्कार. मजकूर वाईट आहे, म्हणून आधीच सांगते, बसून वाचा.

ओफोसु घरी नव्हता, एका मयतावर गेला होता, तिथून परस्पर दुसऱ्या, मग तिसऱ्या. दहा दिवस त्याच्या ओट्यावर बसले. त्याच्या बायकोनं जेवू घातलं, मी तिला केळी सोलून दिली, तिच्या सुनेच्या वेण्या घातल्या, अर्ध्या गल्लीच्या घातल्या खरं तर. काल तो आला. मी कॅसेट म्हटल्यावर त्याचा तो बारीक डोळा आणखी बारीक झाला. म्हणाला, तूच निरोप दिला होतास ना, आता हे जगाच्या पेटीत सुरक्षित आहे, माझ्याकडच्याची काळजी नको. मी दिला होता. असलं मोठं बोलायची मला खोड आहे.

तर त्यानं खोकंच्या खोकं रिकामं केलं. त्याची बायको मळ्याच्या कडेला भात लावते. भात पिकायला आलं की चिमण्यांचे थवे उतरतात. कॅसेटमधली पट्टी काठ्यांना ताणून बांधली की उन्हात चमकते आणि वाऱ्यानं गुणगुणते, पाखरं जवळ येत नाहीत. इथे सगळेच तसं करतात. मी स्वतः ताकोराडीला मामाच्या शेतात बांधली आहे, तेव्हा बोलायला तोंड नाही.

आम्ही शेतात गेलो. थोरले बाबा, एवढ्या पट्ट्या होत्या. अडीचशे मयतं आणि एक नाटक, सगळं भातावर ताणलेलं. धुळीचा वारा सुटला होता आणि सगळ्या एकदम गुणगुणत होत्या. तुम्ही असता तर तुम्हाला ऐकू आलं नसतं, पण हाताला जाणवलं असतं, मी काठीवर हात ठेवला तर काठी थरथरत होती. ओफोसु डोकं खाजवत एका काठीपासून दुसरीपर्यंत फिरला. शेवटी म्हणाला, तुझ्या कॅसेटची पट्टी मी सगळ्यात शेवटी सोडवली, तेव्हा ही पाणथळाकडची असेल. असेल, म्हणाला. मी ती सोडवून हातावर गुंडाळत गेले. दव, ऊन, पाखरांची घाण. ठिकठिकाणी तपकिरी रंग उडून नुसती पारदर्शक पट्टी उरली होती. बाबांचा आवाज तिच्यात असेल नाहीतर कुणाच्या तरी आजीचं मयत. तुटलेले तुकडे मिळून साताठ हात भरले. एक चिमणी शेवटपर्यंत माझ्याकडे बघत होती, मी गेल्यावर उतरायचं म्हणून.

डोडूबाईंना फोन केला. त्यांनी कुठेकुठे रंग उडालाय ते विचारून घेतलं. मग म्हणाल्या की आण तू, प्रयत्न करू. पण ज्या आवाजात म्हणाल्या तो आवाज मला कळतो.

मला एक सुचलंय. मी इथून माझ्या आवाजात तीन हाका भरून मान्साच्या फोनवर पाठवते. मी त्यांच्या घरातलीच ना? ती बाबांच्या कानाशी लावेल. डोडूबाई त्याच हाका व्हिडिओच्या शेवटी जोडायला तयार आहेत. मग सगळं रीतसर होईल. चालेल का, तेवढं कळवा. ओटू उद्या परत स्वेड्रूवरून जाईल.

मी पण थकलेय. कशानं ते सांगता येत नाही, कारण मी गेला महिनाभर काहीच धड केलेलं नाही.

तुमची
एकुआ


अपाम, १२ डिसेंबर २०२३

चि. एकुआस,

आशीर्वाद. वि. वि.

चालणार नाही.

फोनमधल्या माणसाला त्यानं काय उत्तर द्यायचं आणि कुणाच्या तोंडाकडे बघून? हाक मारणारा समोर उभा लागतो. त्याला उठवून हात द्यायचा असतो, लुगड्यासकट उठणं सोपं नसतं. फोन काय हात देणार?

तुला एक सांगायचं राहिलं होतं. मुद्दामच ठेवलं होतं, कारण तू आपणहून यावंस असं वाटत होतं. म्हातारपणाचा मान की काय म्हणतात ते. आता तो पुरे झाला.

त्या शेवटच्या खेळात हाक मारायला तूच होतीस. एरवी तुझी आई मारायची. पण तोवर तिचं आणि फीफीचं बोलणं बंद झालं होतं, ती आलीच नाही. मग मी तुला उचलून वर ठेवलं. बापाचं नाव नुसतं घेणं मुलांना एरवी चालत नाही, फक्त तेवढ्याच वेळी चालतं. तुला ते माहीत नव्हतं. तू बाबा म्हणालीस. लोक ओरडले, नाव घे, नाव घे. तू घेईनास. तुला वाटलं आपल्याला मार बसेल. तुला हेही वाटलं की तो खरंच मेला, आणि तू रडायला लागलीस. कापलेल्या भागात रडणारं मूल ऐकलंस ना, ते तू.

फीफी पडून होता. नियम म्हणून हलला नाही, पण त्याचा एक डोळा उघडलेला मी बाजूनं पाहिला. तो तुझ्या नाव घेण्याची वाट बघत होता. अखेर तू हुंदके देत तिन्ही हाका मारल्यास आणि तो उठला. माशाच्या डोक्याची तक्रार तो विसरला. ती मंडळीत घडलेली एकुलती चूक. त्यानं तुला खांद्यावर घेतलं आणि तसाच आत गेला, डोक्याच्या फडक्यासकट, लोकांना न भेटता. मी ट्रम्पेट वाजवून वेळ मारून नेली.

त्या फोनमध्ये राणी पडल्यावर तो कशासाठी थांबत होता हे आता तुला कळलं असेल.

पुढचा आठवडा म्हणू नकोस. त्याच्यापाशी किती आठवडे आहेत ते मला माहीत नाही, आणि माझ्यापाशी धीर उरलेला नाही. ओटू शनिवारी सकाळी स्वेड्रूच्या तळावर असेल. त्याला सांगितलंय की ही पोरगी गाडीत बसली की वाटेत कुठेही उतरू द्यायची नाही, कुणाचीही कंबर धरलेली असो.

थोरला बाबा


अपाम, आपलंच अंगण, १७ डिसेंबर २०२३, सकाळ

ती. थोरल्या बाबांस,

नमस्कार, दहा पावलांवरून. तुम्ही तिकडे विहिरीच्या कट्ट्यावर पाठ करून बसलात, आणि काय झालं ते ओठांवरून वाचायला मागे वळूनही बघत नाही. म्हणून मान्साच्या वहीचं पान फाडून लिहितेय. तीच आणून देईल. वि. वि.

काल आले तेव्हा ते झोपले होते. मी त्यांना इतकं लहान कधी बघितलं नव्हतं. तुम्ही लिहिलं होतं, पण लिहिलेलं वेगळं. आज सकाळी तुम्ही त्यांना दाराशी बसवलंत, मान्सानं फोन मांडीवर ठेवला, नाटक लागलं. मी पूर्ण बघितलं, एक डुलकी न घेता. राणी पडली. मान्सानं बर्फाच्या आधी फोन बंद केला. तिथपर्यंत तुम्ही पाहिलंत, आणि मग तोंड फिरवून निघून गेलात. पुढचं सांगते.

मी समोर उभी राहिले आणि माझ्या तोंडातून बाबा निघालं. चोवीस वर्षांची झाले तरी तेच. ते डोळे मिटून होते. मग मी नाव घेतलं. फीफी एगान. जीभ जड झाली हो, खरंच वाटलं मागून कुणी चापट मारेल. काही नाही. दुसऱ्यांदा घेतलं. त्यांचा एक डोळा थोडा उघडला. मी तो पाहिला. तुम्ही लिहिलं नसतंत तर मला कळलंच नसतं की हे सोंग आहे. मग इतका राग आला मला, इतक्या दिवसांचा, की तिसरी हाक मी भांडल्यासारखी मारली, मासळीबाजारात मारतात तशी. समोरच्या घरातून माणसं बाहेर आली.

त्यांनी हात पुढे केला. मी धरला आणि ओढून सरळ बसवलं. ते बोलायला लागले आणि मी थांबून राहिले, एकेक खडा. माशाच्या डोक्याचं म्हणतील असं वाटलं. केन्के गार आहे म्हणतील. तसलं काही म्हणाले नाहीत. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, पायातल्या सुतळीच्या वहाणेपर्यंत, आणि विचारलं, ही पोरगी जेवलीय का?

एवढंच. मान्सानंही ऐकलं, ती साक्षीला आहे.

आता तुम्हीच सांगा. रीत अशी की उठलेल्यानं आपल्या भुकेचं बोलायचं. त्यांनी माझ्या भुकेचं विचारलं. हे धरायचं की नाही? डोडूबाई व्हिडिओखाली एक ओळ लिहायला तयार आहेत, नटाला नंतर उठवलं गेलं म्हणून. पण त्या म्हणाल्या, खोटं मी लिहिणार नाही, तू खात्रीनं कळव. मी त्यांना अजून काही कळवलेलं नाही. मंडळीचे प्रमुख तुम्ही, निकाल तुमचा.

ते माझ्याकडे बघतायत आणि मी लिहितेय. लवकर सांगा.

तुमची, आणि आज तरी इथेच असलेली
एकुआ


(त्याच कागदाच्या मागे)

चि. एकुआ,

धरायचं. मागच्या वेळीही तो आपल्या जेवणाचं विसरला होता, तेव्हा मी खेळ संपला असंच मानलं होतं.

टोपलीत लाल मासा झाकून ठेवलाय, सकाळीच आणला, कुणाला बोललो नाही. चूल पेटव. केन्के सोलून ऊन कर. डोकं त्याच्या ताटात, मधला तुकडा तुझ्या, शेपटी माझी. तू आधी खायला लाग, म्हणजे तो खाईल.

मग त्या बाईंना कळव. लांबलचक लिहू नको म्हणावं. फीफी एगान, अपाम. उठला.